‘तू फक्त लिही, बाकीचं आम्ही बघतो’

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावातून रोज बसने कॉलेजला येणाऱ्या, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका वाचक मुलीचं पत्र आलं आहे. त्याचा गोषवारा असा: कॉलेजच्या वार्षिकांकात इंग्रजी, कोकणी, मराठी आणि हिंदी असे चार विभाग असतात. यंदा मराठी विभागाची विद्यार्थी-संपादक म्हणून तिची निवड झाली. लेख मिळवणं, वाचणं, शुद्धलेखन तपासणं तिला जमतं आणि आवडतंही. पण पहिल्याच बैठकीत सरांनी सांगितलं की यंदा पानं विद्यार्थ्यांनी लावायची, फोटो विद्यार्थ्यांनी काढायचे आणि छापखान्याला तयार पीडीएफ द्यायची. २७ फेब्रुवारीला, मराठी भाषा गौरव दिनी, अंक हातात हवा. समितीतल्या एका मुलाकडे डीएसएलआर कॅमेरा आणि लॅपटॉप आहे, त्याला हे सगळं येतं. तो म्हणाला, ‘तू फक्त लिही, बाकीचं आम्ही बघतो.’ हिच्याकडे साधा स्मार्टफोन आहे, घरी कॉम्प्युटर नाही आणि गावाला जाणारी शेवटची बस साडेपाचची. बैठकीत ‘ब्लीड’, ‘लेयर’ असे शब्द निघाले की ती मान खाली घालून बसते. येत्या हंगामातल्या काजूच्या पैशांच्या भरवशावर वडील पन्नास हजारांचा कॅमेरा आत्ताच घेऊन द्यायला तयार आहेत. ती विचारते: ‘मी मराठी घेतलेली मुलगी, ही तांत्रिक कामं माझी नव्हेत. तरी कॅमेरा घेऊ का? आधी एखादा कोर्स करू का? की ज्याला येतं त्याच्यावर सोपवून संपादकपद सोडून देऊ?’

बाय,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाटलं, प्रश्न कॅमेऱ्याचा आहे. दुसऱ्यांदा ‘ही तांत्रिक कामं माझी नव्हेत’ या वाक्यापाशी अडकले. तू ते अशा खात्रीनं लिहिलं आहेस, जणू कॉलेजच्या नियमावलीतच ते छापलेलं आहे. कॅमेऱ्याचं नंतर बघू. आधी हे वाक्य, कारण तुझे तिन्ही प्रश्न त्यातूनच आले आहेत.

आपल्या गोव्यात छापखाना आला १५५६ साली. भारतातला तो पहिला. त्यानंतर साठ वर्षांनी, १६१६ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण सासष्टीतल्या राशोलला छापून निघालं. भाषा मराठी, रचना ओवीची, अक्षरं मात्र रोमन. देवनागरीचे खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरं, तेव्हा इथल्या छापखान्यात नव्हतेच. लिहिणाऱ्याकडे भाषा होती, पण छापणाऱ्याकडे तिची अक्षरं नव्हती, आणि कागदावर काय उमटणार ते छापणाऱ्याकडच्या पेटीवर ठरलं.

आता तुझ्या कॉलेजचे मागचे तीन-चार अंक काढ आणि मराठीची पानं उघड. बहुतेक ठिकाणी मी जे पाहिलंय ते तिथेही असण्याची शक्यता फार. ‘विद्यार्थी’तली पहिली वेलांटी ‘व’ला सोडून पुढे गेलेली. ‘द्य’ फुटून ‘द्’ आणि ‘य’ वेगळे पडलेले. रफार शेजारच्याच अक्षराच्या डोक्यावर. ‘तऱ्हा’ची ‘तर्हा’ झालेली. त्याच अंकातली इंग्रजी पानं मात्र स्वच्छ.

असं का होतं ते समजून घे, फार अवघड नाही. श्रीलिपीसारख्या जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये कॉम्प्युटर आतून इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच साठवायचा. फॉन्ट त्यांना वरून फक्त मराठीचा चेहरा द्यायचा. तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर तीच फाइल उघडली की न वाचता येणाऱ्या चिन्हांची रांग दिसते. तू फोनवर टाइप करतेस ते युनिकोड. त्यात ‘क’ हा ‘क’ म्हणूनच साठवला जातो, वर फॉन्ट कोणताही लाव. पण काही ठिकाणी अजूनही पेजमेकर हे पानं लावायचं जुनं सॉफ्टवेअर चालतं, ज्याची शेवटची आवृत्ती २००१ ची आहे, आणि त्याला युनिकोड देवनागरी कळत नाही. त्याच्या जागी आलेल्या इनडिझाइनला कळते, पण त्यातही मजकुराच्या सेटिंगमध्ये ‘वर्ल्ड-रेडी कंपोझर’ नावाचा पर्याय निवडावा लागतो. तो राहिला की वेलांट्या सुटतात, जोडाक्षरं फुटतात. निवडायला एक मिनिट लागतं. मात्र काहीतरी चुकलंय हे पान बघताक्षणी कुणाच्या तरी डोळ्यांत खुपायला हवं. समितीत असे डोळे कोणाकडे आहेत? ज्या मुलीला शुद्धलेखन तपासायला आवडतं, तिच्याकडे.

म्हणून मी म्हणते, हे काम मराठीचंच आहे. फक्त ते आता कॉम्प्युटरवर होतं.

मी हे एवढ्या आग्रहानं का सांगते त्याला कारण आहे. नव्वदच्या दशकात मी कॉलेजात असताना आम्हीही असंच मानायचो. हातानं लिहिलेले कागद छापखान्यात नेऊन दिले, आपलं काम संपलं. प्रूफ बघायला जायला कोणी तयार नसे. त्या वर्षी अंक आला आणि वक्तृत्व स्पर्धेत पहिली आलेल्या माझ्या मैत्रिणीच्या फोटोखाली दुसऱ्याच मुलीचं नाव होतं. तिच्या कवितेचं शेवटचं कडवं पानात मावलं नव्हतं, म्हणून ते गाळलं होतं. तिच्या आईनं नातेवाइकांना द्यायला पाच प्रती आधीच सांगून ठेवल्या होत्या. माझ्या मैत्रिणीनं त्या पाचही प्रतींवर बॉलपेननं नाव दुरुस्त केलं आणि कडवं समासात हातानं लिहून काढलं. मी शेजारी बसून होते. प्रूफ बघायला जायची पाळी माझी होती. त्यानंतर आयुष्याची बरीच वर्षं मी प्रूफं वाचण्यात घालवली, पण त्या पाच प्रती अजून आठवतात.

आता त्या मुलाबद्दल. ‘तू फक्त लिही’ या शब्दांत तुला तुच्छता ऐकू आली. असेलही, मी तिथे नव्हते. पण पत्रात तू दिलेल्या तपशिलांतून मला एवढंच दिसतं की त्याला येतं आणि त्याला काम उरकायचंय. ज्याला येतं त्याला शिकवत बसण्यापेक्षा स्वतः करून मोकळं होणं सोपं वाटतं. घरी चवथीला आई करंज्या करत असताना आपण मधे हात घातला तर ती काय म्हणते ते आठव. त्यात राग नसतो, घाई असते. त्याला विचारताना ‘मला शिकवशील का’ असं मोघम विचारू नकोस, त्यावर ‘बघू नंतर’ एवढंच उत्तर मिळतं. असं सांग: ‘बुधवारी मधल्या सुट्टीनंतर लॅबमध्ये एक तास बसू. एक पान तू माझ्यासमोर लाव, मी बघते. दुसरं मी लावते, तू बघ. माझ्या हातातला माऊस मात्र घ्यायचा नाही.’ शेवटची अट महत्त्वाची आहे. शिकवणाऱ्यानं माऊस हातात घेतला की शिकणारी प्रेक्षक होते. बदल्यात तूही त्याला काहीतरी दे. त्यानं लावलेली मराठी पानं छापून घे, लाल पेननं चुका दाखव आणि ती चूक का आहे ते सांग. बैठकीत सगळ्यांसमोर दाखवू नकोस, दोघंच असताना दाखव. महिन्याभरात त्याची जोडाक्षरं सुधारतील आणि तुझी पानं.

आणि ती मान खाली घालणं. ज्या दोन शब्दांसाठी घातलीस ते सांगून टाकते. पानाच्या अगदी कडेपर्यंत जाणारा फोटो असेल तर तो कडेच्या बाहेर ३ मिलिमीटर जास्तीचा ठेवायचा, कारण गठ्ठा कापताना पातं किंचित इकडेतिकडे होतं आणि जास्तीचा भाग नसेल तर कडेला पांढरी रेघ राहते. याला ब्लीड म्हणतात. लेयर म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कागदांसारखे थर: खाली फोटो, त्यावर रंगाची पट्टी, त्यावर शीर्षक, म्हणजे एक हलवला तरी दुसरा जागचा हलत नाही. झालं. पुढच्या बैठकीत वही घेऊन बस, नवा शब्द आला की लिही आणि तिथेच विचार, ‘म्हणजे काय?’ समितीतल्या निदान दोघांना तरी ते माहीत नसणार, आणि तू विचारलंस म्हणून त्यांना बरं वाटेल.

आता कॅमेरा. यंदा घेऊ नकोस.

वडिलांनी देऊ केला यात किती जीव आहे ते मला कळतं. काजूचा पैसा वर्षातून एकदाच हातात येतो, त्यावर घराची किती कामं खोळंबलेली असतात ते सत्तरीतल्या कुठल्याही घराला ठाऊक आहे. इथे तर तो पैसा अजून झाडावर आहे. म्हणूनच हिशेब मांडू. छपाईला फोटो साधारण दर इंचाला ३०० ठिपके या मापानं लागतो. ए-४ पान २१० बाय २९७ मिलिमीटरचं. ते पूर्ण भरणाऱ्या फोटोला २४८० बाय ३५०८ पिक्सेल हवेत, म्हणजे पावणेनऊ मेगापिक्सेलच्या आसपास. साध्या फोनचा कॅमेराही १२ मेगापिक्सेलचा असला तर ४००० बाय ३००० पिक्सेलचा फोटो देतो. पानभर छापून वर उरतो! तुमच्या अंकात पानभर फोटो असतील किती? दोन? तीन?

वार्षिकांकातले बरेच फोटो फिसकटतात ते वाटेत, व्हॉट्सॲपवर. तिथे फोटो नेहमीच्या पद्धतीनं पाठवला की तो आकसतो. लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते, आणि ३०० च्या हिशेबानं ती कागदावर साडेतेरा सेंटिमीटर भरते. तोच फोटो पानभर ताणला की चेहरे मेणासारखे दिसतात. तेव्हा फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायचा किंवा ड्राइव्हवर टाकून दुवा द्यायचा, हा नियम समितीत पहिल्याच दिवशी करून घे. फाइलला नाव देतानाच तारीख, प्रसंग आणि फोटो काढणाऱ्याचं नाव घालायची सवय लाव. फेब्रुवारीत ‘आयएमजी’ नावाच्या चारशे फायलींतून स्नेहसंमेलनातला तो एक फोटो शोधायची वेळ आली की ही सवय किती वेळ वाचवते ते कळतं. आणि मूळ फोटो एकाच फोनवर ठेवू नका. फोन नदीतही पडतात.

फोनला न जमणारी कामंही आहेत. संध्याकाळच्या अंधुक मंचावरचं नाटक मागच्या खुर्चीवरून, मैदानावरची धावण्याची शर्यत, लांबचा पक्षी. तिथे डीएसएलआर हवा, आणि तो तुमच्या समितीत आहेच. ती कामं त्या मुलाला दे. उरलेली तू घे. अंक झाल्यावर फोन तुला कुठे कुठे अपुरा पडला ते वहीत लिहिलेलं असेल, तर पुढच्या वर्षी कॅमेरा घेताना दुकानदाराशी काय बोलायचं ते तुला कळेल. जुना घेणार असलीस तर भिंगातून टॉर्चचा उजेड पाडून बघ. आपल्या पावसाळी दमट हवेत भिंगाच्या आत बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखी दिसते. नवा घेतलास तरी जून ते सप्टेंबर तो सिलिका जेलच्या पुड्या घालून हवाबंद डब्यात ठेवावा लागतो. हा खर्चही वडिलांना आधी सांगायला हवा.

फोटो काढायला शिकायचं म्हणजे मुख्यतः उजेड बघायला शिकायचं. त्यासाठी घरची एक खिडकी पुरते. खिडकीजवळ पितळी तांब्या ठेव आणि सकाळी सातला, दुपारी बाराला, संध्याकाळी पाचला, तिन्ही वेळा त्याच जागेवरून फोटो काढ. मग तांब्याच्या जागी आजीला बसव. आठवड्याभरात तुला कळेल की सावली कुठे मऊ पडते आणि कुठे चेहरा कापते. दिवाळीला घरी फोव (पोहे) होतील तेव्हा ते स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली न काढता त्याच खिडकीशी नेऊन काढ, फरक बघ. भिंगावरून आधी स्वच्छ मऊ कापड फिरव. खिशातल्या फोनच्या भिंगावर बोटांचं तेल असतंच आणि त्यानं सगळा फोटो धुरकट होतो. दोन बोटांनी पडदा ताणून माणूस जवळ आणू नकोस, ते फक्त कापणं असतं. चार पावलं पुढे जा.

आपल्याकडच्या पांढऱ्या देवळांचे आणि चर्चचे फोटो मळकट का येतात ते सांगते, कारण हे कळलं की कॅमेरा कसा विचार करतो तेच कळतं. समोर जे काही आहे ते सरासरीनं मध्यम राखाडी असणार, असं धरून तो उजेड ठरवतो. समोर मंगेशीच्या दीपस्तंभासारखी उन्हातली पांढरीशुभ्र वास्तू आली की त्याला वाटतं उजेड फार झाला, आणि तो फोटो काळवंडून टाकतो. उलट कुळागरातल्या गर्द सावलीत तो फोटो उगाच उजळवतो, आणि पोफळींमधला ओला काळोख, जो बघून आपण थांबलेले असतो, तोच नाहीसा होतो. फोनवर विषयावर बोट टेकवलं की शेजारी सूर्याचं लहान चिन्ह येतं. देवळासाठी ते वर सरकव, कुळागरासाठी खाली. चेहऱ्यांसाठी दुपारचं ऊन टाळ, डोळ्यांखाली काळे खड्डे पडतात. ढगाळ दिवस मिळाला तर सोडू नकोस.

विषय? तू विचारलं नाहीस, पण सुचवते. तुझ्या पत्रात साडेपाचची बस अडचण म्हणून आली आहे. मला वाचताना ती फोटोकथा वाटली. डिसेंबरात त्या वेळी सूर्य मावळायला जेमतेम अर्धा तास असतो, बसच्या खिडकीतून आडवा, पिवळा उजेड आत येतो. रोज त्याच बसने जाणारी माणसं तुला ओळखतात. मोठा कॅमेरा घेऊन कोणी चढलं तर ती सावरून बसतील, तुझ्या फोनकडे बघणारही नाहीत. लांबून येणारी बस, आतली गर्दी, दांड्याला धरलेले हात, सुटे पैसे मोजणारा कंडक्टर, एखादा चेहरा, आणि शेवटच्या थांब्यावरची रिकामी बाकं. सहा फोटो, दोन पानं. पण ओळख आहे म्हणून गृहीत धरू नकोस. चेहरा ओळखू येत असेल तर छापण्याआधी त्या माणसाला फोटो दाखव आणि विचार. नको म्हटलं तर काढून टाक. शाळकरी मुलांच्या बाबतीत घरच्यांना विचार.

ओळी लिहिताना माणसाचं नाव त्याच्याच तोंडून घे आणि गावाचं नाव मराठीत लिहितात तसं लिही. हे वेगळं सांगते, कारण इंग्रजी यादीवरून कॉम्प्युटरनं आपोआप केलेल्या देवनागरीत डिचोलीचं ‘बिचोलिम’ आणि साखळीचं ‘सॅन्क्वेलिम’ झालेलं मी छापील पानावर पाहिलं आहे. पोर्तुगीज काळापासूनची इंग्रजी स्पेलिंगं एक सांगतात आणि गाव स्वतःला दुसरंच म्हणवतं. हे ज्याला कळतं त्यानंच त्या ओळी तपासायच्या.

पानं लावणं शिकायची सुरुवात कॉम्प्युटरवर करू नकोस, पट्टीनं कर. आवडलेला एखादा दिवाळी अंक किंवा जुनं मासिक घे. समास किती मिलिमीटरचे, पानात ओळी किती, एका ओळीत शब्द किती, शीर्षक आणि मजकूर यांत अंतर किती, फोटो रकान्याच्या रेषेत आहेत की बाहेर, सगळं मोजून वहीत लिही. पणजीला जाणं झालं तर पाटोवरच्या कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयात एक दुपार काढ. १८३२ पासूनची ही संस्था, गोव्यातली जुनी नियतकालिकं तिथे बघायला मिळतात. दहा पानं मोजलीस की तुझ्या लक्षात येईल, मराठी मजकुराला ओळींमध्ये इंग्रजीपेक्षा जास्त जागा लागते. वर मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, ऋकार. इंग्रजी विभागाचं सेटिंग तसंच मराठीला लावलं की वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेत अडकतो. ११ किंवा १२ पॉइंटची अक्षरं आणि १६ ते १८ पॉइंटचं ओळअंतर इथून सुरू कर, मग कागदावर छापून बघ आणि डोळ्यांना विचार.

फॉन्ट निवडताना ‘ल’ आणि ‘श’ यांच्याकडे बघ. मराठी वळणाचे ल आणि श हिंदी छपाईतल्यांपेक्षा वेगळे असतात, आणि कित्येक फॉन्टमध्ये आपोआप हिंदी वळण येतं. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा फुकट मिळणारा फॉन्ट मराठी वळणं धरूनच केलेला आहे. शीर्षकांना ‘मुक्ता’ चालेल, तोही फुकट. दोनांपेक्षा जास्त फॉन्ट अंकात घेऊ नकोस.

सॉफ्टवेअर कोणतं, हा प्रश्न आधी छापखान्याला विचार. फोन न करता सरांबरोबर प्रत्यक्ष जा. अंकाचा आकार, ब्लीड किती हवा, रंगीत पानं कुठे येतील, पीडीएफ कशी हवी, आणि पहिलं छापील प्रूफ कधी मिळेल. मधे पिन मारायची असेल तर पानांची संख्या ४ च्या पटीत लागते, हे लेख निवडतानाच लक्षात असू दे, नाहीतर आयत्या वेळी कुणाची तरी कविता गळते. फोन आणि कॉम्प्युटरचा पडदा लाल, हिरव्या, निळ्या उजेडानं रंग दाखवतो. छपाई निळसर, किरमिजी, पिवळ्या आणि काळ्या शाईनं होते. त्यामुळे शिगम्याच्या झगझगीत फेट्यांचा रंग कागदावर थोडा उतरतोच. आधीच माहीत असलं की धक्का बसत नाही.

कॅनव्हा हे डिझाइनचं ॲप फोनवरही चालतं. मुखपृष्ठाचा कच्चा आराखडा, लेख मागवणारं पोस्टर, प्रकाशनाची निमंत्रणपत्रिका यांसाठी ते छान आहे. पण चाळीस पानांचा वाहता मजकूर, ज्यात एका लेखात दोन ओळी वाढल्या की पुढचं सगळं सरकतं, तिथे त्याची दमछाक होते. कॉलेजकडे इनडिझाइन नसेल तर स्क्रायबस फुकट आहे, आणि २०२४ मध्ये आलेल्या त्याच्या १.६ आवृत्तीत देवनागरी नीट जुळते. लॅबमध्ये ते बसवायला परवानगी लागेल. अर्ज तू लिही, सही सरांची घे.

लॅबच्या वेळेबद्दल मी तुझ्या पत्रामागून सरांनाही विनंती करते, आणि असा अंक करून घेणाऱ्या सगळ्याच प्राध्यापकांना. लांबून बसने येणारी मुलं पाचनंतर थांबू शकत नाहीत. अंकाचं काम संध्याकाळी ठेवलं की ती आपोआप बाहेर पडतात आणि मग ‘त्यांना रस नाही’ असं म्हटलं जातं. आठवड्यातले दोन तास दिवसा, तासिकांच्या मधे, या कामासाठी लॅबमध्ये राखून ठेवावेत.

कोर्स आत्ता नको. कोर्समध्ये सगळ्या अंगाचं थोडं थोडं शिकवतात, तुला फेब्रुवारीपर्यंत नेमक्या आठ-दहा गोष्टी हव्यात. त्याऐवजी दिवाळीच्या सुट्टीआधी एक भित्तिपत्रक कर. एका ए-३ कागदाचं, त्यात दोन छोटे लेख, एक कविता, तुझे तीन फोटो. लॅबमध्ये लाव, पीडीएफ कर, छापून घे, मराठी विभागाच्या फलकावर टाच. त्यात चुका होतील, आणि त्या होण्यासाठी ही जागा योग्य आहे, कारण एका कागदावरची चूक दुसऱ्या दिवशी बदलता येते, पाचशे प्रतींतली येत नाही.

एक सावधगिरी. पान रिकामं दिसतंय म्हणून गूगलवरून कोणाचाही फोटो उचलू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोलाही हक्क असतो आणि तो फोटो काढणाऱ्याच्या हयातीत आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं टिकतो. एआयकडून करून घेतलेलं चित्र एखाद्या कथेसोबत चालेल, खाली तसं स्पष्ट लिहून. पण डिचोलीच्या घोडेमोडणीवरच्या, म्हणजे शिगम्यातल्या घोड्यांच्या नाचावरच्या लेखात तसलं चित्र नको. ती घोडेमोडणी झालेलीच नसते, त्यातले घोडे आणि माणसं कुठल्याच गावची नसतात, आणि वीस वर्षांनी कोणी हा अंक पुरावा म्हणून उघडेल.

संपादकपद सोडू नकोस. सगळं तूच करायला हवंस असंही नाही. मुखपृष्ठ त्या मुलाला करू दे, त्याचा हात तयार आहे. तू मराठीची पानं धर. त्यांतलं एकेक पान शेवटी तुझ्या नजरेखालून गेल्याशिवाय छापखान्यात जाणार नाही, एवढं समितीत ठरवून घे आणि बैठकीच्या वहीत लिहून ठेव.

पहिल्या दिवशी लॅबमध्ये बसशील तेव्हा लेख टाकण्याआधी ही ओळ टाइप कर: ‘विद्यार्थी, तऱ्हा, वाङ्मय, त्र्यंबक, उद्घाटन, कृष्ण, शाळेतल्या सुट्ट्या’. पीडीएफ कर, दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघड, कागदावर छाप. जे अक्षर फुटलं असेल त्याभोवती लाल वर्तुळ कर आणि त्या कागदाचा फोटो मला पाठव, खिडकीजवळच्या उजेडात काढलेला.